भावाचं लग्न मेमध्ये, लेक ओपीटीवर: तिकीट काढावं का?

ताई, आधी तुमचा प्रश्न थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही कळेल. लेक 2021 च्या जानेवारीत अमेरिकेला बीएस करायला गेली. 2024 च्या डिसेंबरात पदवी झाली, आता ओपीटीवर, म्हणजे पदवीनंतर वर्षभर काम करू देणाऱ्या परवानगीवर, नोकरी करतेय. ओपीटीचं वर्ष येत्या फेब्रुवारीत भरतं. पुढच्या 24 महिन्यांच्या स्टेम (विज्ञान-तंत्रज्ञान शाखांसाठीच्या) मुदतवाढीचा अर्ज गेलाय, पावती आलीय, कामाच्या परवान्याचं कार्ड आलेलं नाही. पासपोर्टवरचा एफ-1 (विद्यार्थी) व्हिसा पाच वर्षांचा होता, तो डिसेंबर 2025 मध्ये संपला. मार्चमध्ये कंपनी तिचं नाव एच-1बीच्या, म्हणजे नोकरीच्या व्हिसाच्या, लॉटरीत घालणार आहे. आणि तिच्या सख्ख्या भावाचं लग्न मेच्या पहिल्या पंधरवड्यात, कारण 17 मेपासून अधिक ज्येष्ठ लागतो. कार्यालय ठरलंय. तुम्ही विचारलंय, 'तिकीट काढून टाकू का? आत्ता स्वस्त आहे.'

आज नको. मार्चअखेरपर्यंत तर नकोच. स्वस्त असलं तरी नको.

कारण असं की तिचं येणं अवघड नाही. विमानात बसेल, मुंबईला उतरेल, तुम्ही ओवाळून घरात घ्याल. प्रश्न परत जाण्याचा आहे, आणि तिच्या बाबतीत तीन वेगवेगळी सरकारी कामं नेमकी त्याच मे महिन्यात एकमेकांवर आदळतात. गेली वीस-बावीस वर्षं मी पुण्यात मुलांचे हे कागद बघतेय. एक अडचण असलेली मुलं बहुतेक वेळा सुखरूप परततात. दोन-तीन अडचणी एकत्र आल्या की फोन रात्री अडीचला येतो. मी वकील नाही हेही आत्ताच सांगते. खाली एक जागा अशी आहे जिथे मी स्वतः मत देणार नाही, वकिलाकडेच पाठवीन.

सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो व्हिसा आणि राहण्याचा हक्क यांत. तुमच्या मेलमध्ये एक वाक्य होतं, 'व्हिसा संपलाय म्हणजे ती तिथे बेकायदा आहे का?' नाही. बालगंधर्वला नाटकाला गेलात तर तिकीट दारावर बघतात. आत बसल्यावर तिसऱ्या अंकाला कोणी येऊन विचारत नाही. व्हिसा हा दारावरचा कागद. आत बसण्याचा हक्क तिला मिळतो तो आय-20 (विद्यार्थी असल्याचा विद्यापीठाचा कागद), ओपीटीची परवानगी आणि विमानतळावर नोंदलेल्या आय-94 (देशात आल्याची नोंद) मुळे. त्या आय-94 वर मुदतीच्या जागी तारीख नसते, 'डी/एस' असं असतं, म्हणजे विद्यार्थी म्हणून नियमात आहे तोवर राहा. त्यामुळे ती आज तिथे शंभर टक्के कायदेशीर आहे. मात्र मध्यंतरात चहाला बाहेर पडली की दारावर पुन्हा तिकीट दाखवावं लागेल, आणि ते तिच्याकडे नाही.

आता ते नवं तिकीट मिळवणं. दोन वर्षांपूर्वी तुम्ही विचारलं असतं तर मी म्हटलं असतं, ड्रॉपबॉक्सला पासपोर्ट टाका, मुलाखत नाही, काही नाही. ते दिवस गेले. 2 सप्टेंबर 2025 पासून एफ-1 च्या नूतनीकरणालाही प्रत्यक्ष मुलाखत लागते. 'कॅनडात किंवा मेक्सिकोत जाऊन स्टॅम्पिंग (पासपोर्टवर नवा व्हिसा) करून येते' ही पळवाटही त्याच महिन्यात बंद झाली. आता ज्या देशाचे नागरिक किंवा रहिवासी, तिथेच अर्ज करायचा अशी सूचना आहे. म्हणजे तिला भारतातच, आपल्यासाठी मुंबईच्या वकिलातीत, बीकेसीत, उभं राहावं लागेल. तिच्या मैत्रिणींनी '30 दिवसांच्या आत कॅनडाला जाऊन आलं तर जुना व्हिसाही चालतो' असं सांगितलं असेल. ते खरं आहे, पण ते शेजारच्या देशांपुरतं. पुण्याला येऊन गेलेल्याला त्याचा उपयोग शून्य.

स्लॉटचं, म्हणजे मुलाखतीच्या वेळेचं, गणित तुम्हाला उघडं करून सांगते. मे ते जुलै हा ऑगस्टच्या प्रवेशाला निघालेल्या नव्या मुलांचा हंगाम. तुमच्या लेकीला नेमकं त्याच रांगेत उभं राहायचंय. त्यात वरून काय येईल सांगता येत नाही. 2025 च्या मे अखेरीस जगभरातल्या वकिलातींनी विद्यार्थ्यांच्या नव्या अपॉइंटमेंट देणं थांबवलं, ते जूनच्या मध्यापर्यंत, तब्बल तीन आठवडे. माझ्याकडच्या मुलांनी ते तीन आठवडे मोबाईलचा पडदा बोटाने झिजवण्यात घालवले. सुरू झालं तेव्हा नवीन अट होती: एफ, एम आणि जे या विद्यार्थी व एक्स्चेंज व्हिसांच्या वर्गातल्या सगळ्यांनी समाजमाध्यमांवरची खाती सार्वजनिक करायची. डीएस-160 या व्हिसाच्या अर्जात गेल्या पाच वर्षांतली खाती लिहायचीच असतात. ती लिहिलेली आणि उघडलेली एकच असली पाहिजेत. कॉलेजात काढलेलं आणि विसरलेलं ट्विटरचं खातं तिला आठवू दे. लपवलेलं सापडणं हे मूळ मजकुरापेक्षा वाईट दिसतं.

एच-1बी वाल्यांचं परवाच्या डिसेंबरात काय झालं ते तुम्ही बातम्यांत वाचलं असेल. 15 डिसेंबर 2025 पासून तीच समाजमाध्यमांची तपासणी त्यांनाही लागू झाली आणि भारतातल्या कित्येकांच्या डिसेंबरच्या अपॉइंटमेंट काही महिने पुढे ढकलल्या गेल्या. माणसं सुट्टीला आलेली, मुलांच्या शाळा तिकडे, गाडी विमानतळाच्या पार्किंगमध्ये. 'स्लॉट मिळाला' आणि 'त्या दिवशी मुलाखत झाली' या दोन वेगळ्या घटना आहेत, असं धरून चाला.

आणि हो, स्लॉटसाठी कुणाला पैसे देऊ नका. मार्च 2025 मध्ये दिल्लीच्या दूतावासाने बॉट वापरून घेतलेल्या सुमारे 2000 अपॉइंटमेंट एका फटक्यात रद्द केल्या. तुमच्या सोसायटीत कुणी ना कुणी 'माझ्या ओळखीचा एक जण काढून देतो' म्हणणारा निघेलच. त्याला लग्नाचं आमंत्रण द्या, पासपोर्ट क्रमांक देऊ नका.

ही झाली पहिली अडचण. दुसरी त्या न आलेल्या कार्डाची. स्टेमचा अर्ज मुदतीत गेलेला असेल तर जुनं कार्ड संपल्यावरही 180 दिवस तिला काम करता येतं, हा नियम चांगला आहे. पण तो काम करण्यापुरता आहे. संपलेलं कार्ड आणि पावती घेऊन मुंबईत मुलाखत देणं, मग तिकडच्या विमानतळावर उतरणं, यात प्रत्येक खिडकीवर समजावत बसावं लागतं. कायद्याने दार बंद नाही, पण मी माझ्या पोरीला असं पाठवणार नाही. नवं कामाचं कार्ड (ईएडी) हातात, म्हणजे खरोखर बोटांत धरलेलं, मगच निघायचं. वेळ कमी असेल तर जादा शुल्क भरून प्रीमियम प्रोसेसिंग करता येतं. 30 कामाच्या दिवसांत उत्तर द्यायला ते बांधील असतात. अर्ज आधीच गेलेला असला तरी मागून ही मागणी जोडता येते. कार्ड आलं की त्यावरचं नाव बघायला सांगा. आपल्याकडे पासपोर्टवर मुलीच्या नावापुढे वडिलांचं नाव 'गिव्हन नेम' मध्ये घुसलेलं असतं आणि अर्ज भरताना पोरं ते 'मिडल नेम' मध्ये टाकतात किंवा वगळतात. मग पासपोर्टवर एक, आय-20 वर दुसरं, कार्डावर तिसरं. माझ्याकडच्या एका मुलाचं विमानाचं तिकीट फक्त पहिल्या नावाचं आणि आडनावाचं होतं. काउंटरवर त्याला थांबवलं आणि वडिलांचं नाव तिकिटात घालेपर्यंत रांग संपली होती. कागदांवरची नावं आधी एका ओळीत लिहून बघा. पाच मिनिटांचं काम आहे.

तिसरी अडचण एच-1बीची, आणि खरं तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर हीच ठरवणार आहे. कंपनी मार्चमध्ये नोंदणी करेल. नाव लागलं की नाही ते मार्चअखेर कळतं. लागलं तर 1 एप्रिलपासून मुख्य अर्ज दाखल करता येतो, आणि तुमच्या लेकीसारख्या तिथेच असलेल्या मुलीसाठी कंपनी सहसा 'चेंज ऑफ स्टेटस' मागते: ती देशात बसल्या बसल्या एफ-1 वरून एच-1बीवर जाईल, 1 ऑक्टोबरपासून. आता बघा, हा अर्ज एप्रिलमध्ये गेला आणि मेमध्ये तो निकाली निघालेला नसताना ती लग्नाला विमानात बसली, तर ती स्टेटस बदलण्याची मागणी सोडून दिली असं धरलं जातं. पूर्वी यावर उपाय होता: अर्ज मंजूर झाला की बाहेरून एच-1बीचं स्टॅम्पिंग करून आत या. थोडा उशीर, थोडा खर्च, बाकी काही नाही.

अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या 19 सप्टेंबर 2025 च्या घोषणेनंतर त्या उपायाला किंमत लागली: देशाबाहेरच्या माणसासाठी केलेल्या नव्या एच-1बी अर्जावर एक लाख डॉलर. ऑक्टोबरमध्ये खुलासा आला की देशात राहून स्टेटस बदलणाऱ्यांना ती रक्कम लागू नाही, पण अर्ज निकाली निघण्याआधी माणूस देश सोडून गेला तर लागू आहे. डॉलर नव्वद रुपयांच्या आसपास धरला तर नव्वद लाख होतात. कर्वेनगरात त्यात वन-बीएचके येईल की नाही हा वेगळा वाद. मुद्दा असा की दीड वर्षाच्या अनुभवाच्या मुलीसाठी कुठलीही कंपनी ते भरणार नाही. ती म्हणेल, सॉरी, पुढच्या वर्षी बघू.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. लॉटरीत नाव लागलं आणि कंपनीने एप्रिलमध्ये अर्ज टाकला, तर तो निकाली निघेपर्यंत तिने देश सोडू नये. सख्ख्या भावाचं लग्न असलं तरी. हे लिहिताना मला वाईट वाटतंय, कारण तुम्ही मेलमध्ये करवलीच्या साडीचा फोटो जोडला होता. पण विचारलंत म्हणून सांगते.

'मग अर्जही प्रीमियमने लवकर मंजूर करून घेतला आणि नंतर आली तर?' हा तुमचा पुढचा प्रश्न मला दिसतोय. एच-1बीला प्रीमियममध्ये 15 कामाच्या दिवसांत उत्तर मिळतं, त्यामुळे एप्रिलअखेर मंजुरी येणं शक्य आहे. पण मंजुरी 1 ऑक्टोबरपासूनची, आणि ती मेमध्ये नवा एफ-1 व्हिसा घेऊन आत जाणार. ऑक्टोबरचा बदल आपोआप होईल का, मुलाखतीत अधिकारी 'एच-1बी मंजूर असताना विद्यार्थी व्हिसा कशाला' म्हणेल का, ही ती जागा जिथे मी गप्प बसते. कंपनीच्या इमिग्रेशन वकिलाला तिने स्वतः लेखी विचारावं. एचआरला विचारू नये. एचआर 'शुड बी फाइन' म्हणतं. ते 'शुड बी फाइन' मी फार वेळा ऐकलंय.

नाव लागलं नाही तर? मग वाट मोकळी होते, विचित्र वाटेल पण तसंच आहे. तिच्याकडे 2028 पर्यंतचं स्टेम असेल, निघताना काही पेंडिंग नसेल. तेव्हा जरूर यावं, पण अशा क्रमाने: कार्ड हातात, मग स्लॉट, मग कंपनीची लेखी रजा, आणि सगळ्यात शेवटी तिकीट. तेही बदलता येणारं. स्लॉट ती तिथून बघू शकते, शुल्क 185 डॉलर. मुलाखतीची तारीख लग्नाच्या आधीची मिळाली तर उत्तम, आणि तेवढ्यासाठी दहा दिवस आधी यावं लागलं तरी यावं. लग्नानंतरच्या मुलाखतीत हळद उतरलेली नसते आणि परतीचं विमान परवाचं असतं. मग 221(g) ची चिठ्ठी हातात पडते, म्हणजे 'तपासणी चालू आहे, थांबा', आणि किती थांबा ते कुणी सांगत नाही. काहींचं चार दिवसांत होतं, काहींचं चार महिन्यांतही नाही.

रजेचं मी मुद्दाम 'लेखी' म्हणते. ओपीटी आणि स्टेम मिळून बेकारीचे जास्तीत जास्त 150 दिवस चालतात. मंजूर रजेवर भारतात असलेले दिवस त्यात धरत नाहीत, पण अडकून पडल्यावर कंपनीने कामावरून काढलं तर घड्याळ सुरू होतं. 'इथूनच लॅपटॉपवर काम करेन' हेही तिने गृहीत धरू नये. बऱ्याच कंपन्या लॅपटॉप देशाबाहेर नेऊच देत नाहीत. साहेबाला सरळ विचारावं: सहा आठवडे अडकले तर माझी नोकरी राहील का? उत्तर टाळाटाळीचं आलं तर तेही एक उत्तरच आहे.

कागदांपैकी एकच जरा उलगडून सांगते, कारण त्यावर मुलं हमखास चुकतात. आय-20 च्या दुसऱ्या पानावर प्रवासाची सही असते, विद्यापीठातला डीएसओ, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांचे कागद बघणारा अधिकारी, करतो. शिकत असताना ती वर्षभर चालते. ओपीटीवर सहा महिनेच. मुलांच्या डोक्यात 'वर्षभर' बसलेलं असतं. माझ्याकडचा एक मुलगा आठ महिने जुन्या सहीवर निघाला, तिकडे विमानतळावर बाजूच्या खोलीत तीन तास बसला, आणि आय-515ए नावाचा कागद घेऊन बाहेर आला: 30 दिवसांत सही आणून पाठवा. पाठवली, प्रकरण मिटलं, पण त्या तीन तासांत त्याची आई आमच्याकडे बसून होती. तुमच्या लेकीने निघण्याच्या महिनाभर आधी नवी सही मागावी, डीएसओ मेलवर पाठवतात, रंगीत छापून घ्यावी. बाकी पासपोर्ट, कार्ड, कंपनीचं पत्र, तीन पगारपत्रकं, पदवी. पासपोर्टची मुदत आजच बघा. तो संपत आला असेल तर नूतनीकरण तिकडेच उरकावं. इथे मुंढव्याच्या पासपोर्ट केंद्रात जाऊन तत्काळमध्ये होईलही, पण लग्नघरात पोलीस पडताळणी आणि व्हिसा अर्जावरचा जुना पासपोर्ट क्रमांक हे दोन उद्योग कशाला?

फोटो दोन बाय दोन इंच, चष्मा न लावता, सहा महिन्यांच्या आतला. आणि लग्नाच्या फोटोग्राफरकडून काढू नका. तो चेहरा गुळगुळीत करून देतो. एकीच्या गालावरचा तीळच त्याने पुसला होता.

तिला एक प्रश्न तुम्ही नाही, मी विचारीन, म्हणून मला फोन करायला सांगा: तिकडे पोलिसांशी कधी संबंध आला का? दारू पिऊन गाडी, दुकानात काही गडबड, अगदी वेगाचं चलनसुद्धा. 2025 च्या एप्रिलमध्ये हजारो विद्यार्थ्यांच्या सेव्हिसमधल्या (परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी यादीतल्या) नोंदी अचानक रद्द झाल्या, कित्येकांच्या बाबतीत कारण असंच जुनं, किरकोळ, कधी खटलाही न झालेलं. कोर्टात गेल्यावर महिनाअखेर नोंदी परत आल्या, पण अशी मुलं मुलाखतीला उभी राहिली की ते सगळं पडद्यावर दिसतं. असं काही असेल तर सल्ला बदलतो. आईला सांगायला लाज वाटते, मला सांगायला नाही वाटणार. पोरं सांगतात.

मुलाखत दोन-तीन मिनिटांची असते. बोटांचे ठसे त्याआधी वेगळ्या केंद्रात, वेगळ्या दिवशी. वकिलातीत मोबाईल चालत नाही, मोठी बॅग चालत नाही. सकाळचा स्लॉट असेल तर पुण्याहून पहाटे निघायचा मोह टाळा. घाटात ट्रक आडवा झाला की संपलं. डेक्कन क्वीनने तर नाहीच, ती दादरलाच दहा वाजवते. आदल्या रात्री मुंबईतल्या नातेवाइकांकडे उतरा. विचारलं जाईल: काय काम करतेस, पगार किती, पुढे काय. 'पुढे काय' ला पाठ केलेलं भाषण नको. खरं, छोटं उत्तर द्यावं. 214(b) या कलमाखाली नकार येतो तो बऱ्याचदा अधिकाऱ्याला परतीचा इरादा पटला नाही म्हणून, आणि तिचं सगळं आयुष्य आता तिकडे दिसतंय हे तिनेही मनाशी मान्य करून जावं. कंपनीने लॉटरीत नाव घातलं होतं का असं विचारलं, तर हो म्हणावं. खोटं बोललेलं कायमचं चिकटतं.

येतानाचं तिकीट लंडनमार्गे नको. अमेरिकेचा वैध व्हिसा नसेल तर आपल्या पासपोर्टला ब्रिटन विमानतळावर नुसतं विमान बदलायलाही ट्रान्झिट व्हिसा मागतं, आणि तिचा येताना संपलेला असेल. थेट मुंबई किंवा आखातातून यावं. जाताना अबुधाबीहून गेली तर अमेरिकेचं इमिग्रेशन तिथेच होतं. काही प्रश्न निघालाच तर तो बारा तास आधी निघतो, म्हणून मला ती वाट बरी वाटते. उतरल्यावर आय-94 संकेतस्थळावर बघावा. 'डी/एस' च्या जागी चुकून तारीख पडली असेल तर लगेच दुरुस्त करून घ्यावा.

कार्यालयाचा ॲडव्हान्स भरून टाका, तारीख हलवू नका. 'नोव्हेंबरात ठेवू का' असं तुम्ही विचारलंत, पण तोवर ती एच-1बीवर असली तर तिला त्याचं स्टॅम्पिंग लागेल, आणि डिसेंबरात काय झालं ते वर लिहिलंच आहे. तुमच्या दोघांकडे अमेरिकेचा व्हिजिटर व्हिसा वैध आहे असं तुम्ही लिहिलंय. ती आली नाही तर लग्नानंतर तुम्हीच जा.

आणि जाल तेव्हा मे-जून असेल, म्हणजे पिशवीत हापूस घालायचा विचार येईल. नका घालू. आपला आंबा अमेरिकेत 2007 पासून जातो, पण विकिरण करून, व्यापारी पेट्यांतून. हातातल्या सामानातला काउंटरवर काढून घेतात, आणि जाहीर केला नसेल तर दंडही होतो. गोडा मसाला आणि बाटलीतलं लोणचं न्या, आणि कस्टम्सच्या माणसाने विचारलं की ते आहे असं स्वच्छ सांगा. मार्चअखेर लॉटरीचं कळलं की मला एक मेसेज टाका, पुढचं तेव्हा बघू.